23 दिवसांची वंशावळ

भंडारा जिल्ह्यात जातीच्या दाखल्यासाठी ज्याने कधी धावपळ केली आहे, त्याला ‘कोतवाल पंजी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात फडक्यात बांधलेले ते जुने गठ्ठे. त्यात पणजोबांच्या जन्माची नाहीतर मरणाची एक ओळ सापडते, पुढे जात, पुढे गाव. नक्कल हातात पडली की माणूस सुटकेचा निःश्वास टाकून एस.टी. पकडतो. पण ही पंजी जातीच्या दाखल्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मध्य प्रांताच्या राज्यकारभारात गावोगावचे जन्म-मृत्यू कळावेत, साथ कुठे सुरू झाली हे कळावे, म्हणून ती ठेवली जाई. गावच्या कोतवालाने ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जायचे, कोण जन्मले, कोण गेले आणि कशाने गेले ते सांगायचे, आणि तिथल्या लिहित्या माणसाने ते उतरवून घ्यायचे.

आज गावात आशाताई जे करतात त्याचा मूळपुरुष शोधायचा तर तो हा कोतवाल. कोतवालकी बहुतेक गावांत महार समाजाकडे होती, म्हणजे ज्यांच्या मुलांना शाळेत इतरांसोबत बसू दिले जात नव्हते त्या समाजाकडे. प्रांतभराची आरोग्याची आकडेवारी ज्याच्या तोंडच्या माहितीवर उभी होती, त्याला अक्षर शिकवण्याची गरज सरकारला वाटली नाही आणि गावाला तर नाहीच. परिणाम पंजीतच दिसतो. मरणाच्या कारणाच्या रकान्यात देवी आणि पटकी तेवढी वेगळी काढलेली, कारण ती कुणालाही ओळखता येत. उरलेले बहुतेक ‘ताप’ या एका नोंदीत गेले. हिवताप, विषमज्वर, बाळंतिणीचा सूतिकाज्वर, सगळे तापच. ब्रिटिशांच्या वार्षिक अहवालांत तापाने मेलेल्यांचे आकडे एवढे फुगलेले का, याचे उत्तर या नोंदीच्या पद्धतीत आहे.

कोतवालाच्या पाठोपाठ आला देवी डॉक्टर. गावे त्याला डॉक्टर म्हणत, खात्याच्या दफ्तरी तो लस टोचणारा होता. त्याचे शिक्षण म्हणजे आधीच्या टोचणाऱ्याच्या हाताखाली राहून हात बसवणे. दंडावर टेकवून गोल फिरवायची ती दातेरी लान्सेट एवढी दुखायची की तो गावात शिरला की आया पोरांना कोठीत लपवत. जुन्या माणसांच्या दंडावरचे रुपयाएवढे व्रण त्याचेच. पुढे देवी निर्मूलनाच्या शेवटच्या मोहिमेत दोन टोकांची बारीक सुई आली. लशीच्या थेंबात बुडवायची आणि एकाच जागी भराभर 15 वेळा टोचायची. हे शिकवायला जेमतेम पाव तास पुरे. देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण 1975 मध्ये सापडला. ज्या कामासाठी आधीच्या पिढीला उमेदवारी करावी लागली, ते साधन सोपे होताच कुणालाही जमू लागले. आरोग्य कर्मचाऱ्याला किती शिकवायचे हे त्याच्या हातात काय देता यावरही ठरते, ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

खाली असे चालले असताना वर मात्र शिक्षण लांबत होते. सार्वजनिक आरोग्याची पदविका डब्लिनने 1871 मध्ये सुरू केली, केंब्रिजने चार वर्षांनी. अमेरिकेत रॉकफेलरच्या पैशातून 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्सची आरोग्यशाळा निघाली आणि त्याच पैशातून 1932 मध्ये कलकत्त्याला अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था. जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी या साच्यातून घडायचा. नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर घडवण्याचे काम मुंबईत 1926 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने उचलले, ते आजही चालू आहे. आणि भंडाऱ्यासारख्या ठिकाणच्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर? तो नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचा. 1914 ची ही शाळा पदवी देत नसे, परवाना देई. एल.एम.पी. म्हणवणारे हे डॉक्टर कमी शिकलेले म्हणून शहरात नाक मुरडले जाई, पण तालुक्याच्या गावी टिकून राहत ते हेच.

1943 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1946 मध्ये तिचा अहवाल आला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा जन्मदाखला म्हणजे हा अहवाल. समितीने ठरवले की देशात डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, पदवीधर. परवानाधारकांच्या शाळा बंद व्हाव्यात किंवा त्यांची महाविद्यालये व्हावीत. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, तो अल्पमतात गेला. नागपूरला 1947 मध्ये मेडिकल कॉलेज झाले. डॉक्टरचा दर्जा वाढला हे खरेच, पण डॉक्टर आणि गाव यांच्यामधली पायरीही त्याच फटक्यात निघाली, आणि पुढची सत्तर वर्षे आपण ती वेगवेगळ्या नावांनी बसवत राहिलो.

या समितीत जॉन ग्रँट नावाचे एक सदस्य होते. कलकत्त्याच्या संस्थेचे संचालक. त्याआधी ते पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्याने, सी. सी. चेन यांनी, 1930 च्या दशकात डिंगशियान या ग्रामीण भागात एक प्रयोग केला. गावचाच एक शेतकरी निवडायचा, त्याला दहा-एक दिवस शिकवायचे, हातात औषधांची छोटी पेटी द्यायची. कामे कोणती? जन्म-मृत्यूची नोंद, देवीची लस, प्रथमोपचार, विहिरीची स्वच्छता. म्हणजे आपल्याकडे कोतवाल आणि देवी डॉक्टर मिळून जे करत तेच. फक्त तिथे माणूस एकच होता, त्याला शिकवले होते, आणि चुकला तर विचारायला वरच्या केंद्रावर कुणी होते. तीस वर्षांनी चीनमध्ये जे ‘अनवाणी डॉक्टर’ जगभर गाजले, त्यांचे मूळ डिंगशियानमध्ये सापडते. मराठी माणसाला चीन आणि डॉक्टर म्हटले की सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते साहजिकही आहे, पण चीनकडून आपण घ्यायला हवे होते ते या चेन यांच्याकडून. ग्रँट समितीत असूनही डिंगशियानचा शेतकरी भोर अहवालाच्या केंद्रस्थानी आला नाही. केंद्रस्थानी डॉक्टर राहिला.

भंडाऱ्यात त्यानंतर जे आले ते रोगाच्या नावाने आले. जिल्हा तलावांचा, धानाचा; डासांना आणखी काय लागते? 1953 मध्ये हिवताप नियंत्रण सुरू झाले, 1958 पासून निर्मूलनाची भाषा आली. डीडीटी फवारणारे हंगामी मजूर आले आणि पंधरवड्याला घरोघर फिरणारा हिवताप कर्मचारी आला. तो बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, क्लोरोक्विन द्यायचा आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून जायचा. हत्तीरोगासाठी वेगळे पथक, तेही रात्री फिरणारे, कारण त्या रोगाचे जंतू रक्तात रात्रीच वर येतात. गाव झोपायला लागले की कंदील घेऊन दारात उभे राहायचे आणि झोपेतल्या माणसाचे बोट मागायचे, हे काम आजही पूर्व विदर्भात चालते. कुष्ठरोगाचे पथक तिसरे. त्याचे शास्त्र जवळच वर्ध्यात घडले. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही तिन्ही कामे एकाच निमवैद्यकीय कर्मचाऱ्याच्या हातात दिली आणि तसे कर्मचारी शिकवून तयार केले. सरकारच्या कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. उघड्या अंगावर उजेडात चट्टा कसा पाहायचा, तिथे स्पर्श कळतो की नाही हे कसे तपासायचे, कोपरामागची नस जाड झाली का हे बोटांनी कसे ओळखायचे: हे शिक्षण खोल होते. एकाच रोगाचे होते, पण खोल होते.

मग एकाच घराच्या दारात तीन-तीन खात्यांची माणसे का, असा प्रश्न आला. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने सगळ्यांना एकत्र करून ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ करायला सांगितले, साधारण 3,000 ते 3,500 लोकसंख्येमागे एक पुरुष, एक स्त्री. आपल्याकडचे आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका, म्हणजे लोकांच्या तोंडी सिस्टर, ते हेच. महाराष्ट्रात आरोग्य सेवक पुरुषाच्या भरतीत हंगामी फवारणीचा 90 दिवसांचा अनुभव असलेल्यांना वेगळा वाटा असतो. डीडीटीचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाचा वंश सरकारी जाहिरातीत असा अजून जिवंत आहे. निवड झाल्यावर त्याने 12 महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण पुरे करायचे असते. सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम मुळात दोन वर्षांचा. 1977 मध्ये तो दीड वर्षावर आणला आणि अलीकडे पुन्हा दोन वर्षांचा केला.

याच काळात महाराष्ट्रातच उलट्या दिशेने एक वाट निघाली होती. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दाम्पत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला, नगर जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, काम मांडून बसले. सुरुवातीला त्यांनी परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. गावाचे आणि त्यांचे जुळले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत, आणि गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत. शिकवणे एकदाचे उरकून प्रमाणपत्र देण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित आरोग्यशाळेतून शिकून आलेल्या माणसांनी आपले ज्ञान सही न येणाऱ्या बाईपर्यंत पोचवले, आणि तिला आठवड्याला पुन्हा भेटून. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, 1978 मध्ये अल्मा-आताच्या परिषदेत 134 देशांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, 1979 मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे मिळाला.

दिल्लीने यातून उचलले काय? 2 ऑक्टोबर 1977 ला जनता सरकारने हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना आणली. शिक्षण तीन महिने, मानधन महिना 50 रुपये, औषधे 50 रुपयांची. आठवड्याची भेट मात्र कुठेच नव्हती. निवडीत सरपंचाची माणसे शिरली, बहुतेक पुरुष. नावे बदलली, वाद कोर्टात गेले आणि योजना विरून गेली.

आजच्या आशांच्या कामाची खरी मुळे पुढे शेजारच्या गडचिरोलीत रुजली. भंडारा जिल्ह्याचा लाखांदूर तालुका संपतो तिथे गडचिरोलीचा देसाईगंज सुरू होतो, एवढा हा शेजार. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे बालमृत्यूंवर काम करताना एक अडचण सोडवली. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे 50. पण जिला अंक येत नाहीत त्या सुईणीने 60 मोजायचे कसे, आणि मिनिट ओळखायचे कसे? त्यांनी लाकडी चौकटीत मणी ओवले आणि शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर बाळाला औषध हवे. दोन टोकांच्या सुईने देवीच्या लशीचे जे केले तेच या मण्यांनी न्यूमोनियाचे केले. पुढे 39 गावांत शिकलेल्या आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही दिले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले.

पूर्वेला छत्तीसगडने 2002 मध्ये पाड्यापाड्यावर ‘मितानिन’ उभ्या केल्या. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा होईपर्यंत जुन्या भंडारा जिल्ह्याची हद्द तिथपर्यंत भिडलेली होती. 12 एप्रिल 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यासोबत आशा. सुरुवातीच्या आराखड्यात तिचे पहिल्या वर्षीचे प्रशिक्षण 23 दिवसांचे, पाच टप्प्यांत. गडचिरोलीची नवजात काळजी पुढे आशांच्या प्रशिक्षणाच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकेत आली आणि 2011 पासून दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा घरभेटी ठरल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. घड्याळ आले, थर्मामीटर आला, झोळीचा वजनकाटा आला. इंजेक्शन तिच्या हातात दिले नाही. आणि आरोग्यदूताच्या पाठीशी जो पर्यवेक्षक सतत गावात येऊन तिची भेट तपासून पाहत असे, तो कागदावर गटप्रवर्तक म्हणून आला खरा, पण त्या बाईंच्या वाट्याला इतकी गावे आणि इतकी नोंदपत्रे आली की शिकवायला उसंत राहिली नाही.

आता जरा बाहेर बघू. इराणच्या खेड्यातला ‘बेहवर्ज’ गावचाच असतो आणि दोन वर्षे शिकतो, मग आरोग्यघरात पगारावर बसतो. इथिओपियाने 2003 पासून दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून दर वस्तीला दोघी नेमल्या, पगारी. पाकिस्तानच्या लेडी हेल्थ वर्करला, 1994 ची योजना, आठवी पास असली तरी 15 महिने: तीन महिने वर्गात, बाकीचे काम करत करत. ब्राझीलमध्ये 1987 च्या दुष्काळात सेआरा राज्याने गरीब बायकांना कामाला लावले, त्यातून देशभराचा आरोग्य कार्यकर्ता उभा राहिला. त्याचे सुरुवातीचे शिक्षण मोठे नाही, पण तो परिचारिका आणि डॉक्टर यांच्या पथकाचा भाग असतो, आणि 2022 मध्ये तिथल्या राज्यघटनेतच दुरुस्ती करून त्याचा पगार किमान वेतनाच्या दुपटीखाली जाणार नाही असे लिहिले गेले. नेपाळच्या स्वयंसेविका, 1988 पासूनच्या, 18 दिवसांत तयार होतात. आपल्या आशा या नेपाळच्या रांगेत बसतात. काम मात्र आपण इथिओपियाचे मागतो.

गर्भवतीची नोंद, लसीकरण, नवजात भेटी, हत्तीरोगाच्या गोळ्या समोर खाऊ घालणे, कुष्ठरोगाचे चट्टे, क्षयाची थुंकी, सिकलसेल, रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म, आयुष्मान कार्ड, मोबाइलवरची ॲप. कोतवाल, देवी डॉक्टर, हिवतापवाला, कुष्ठरोगवाला, 1977 चा आरोग्य कार्यकर्ता सगळे एका बाईत आले. वाचणारे मला म्हणतील की दिवस वाढवा. नुसते दिवस वाढवून भागणार नाही असे माझे मत आहे. जामखेडच्या बायका कुठल्याही दोन वर्षांच्या वर्गात बसल्या नव्हत्या. ब्राझीलचाही अनुभव तेच सांगतो. 1977 ची योजना तीन महिने शिकवूनही बुडाली, कारण शिकवणारा पुन्हा आला नाही. आणि मधली पायरी? 2018 पासून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले, बी.ए.एम.एस. किंवा नर्सिंगची पदवी आणि वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. एल.एम.पी. परत आला, एवढेच.

साखळीचे दुसरे टोकही भंडाऱ्याने पाहिले आहे. आशाताई ज्या बाळाचे वजन कमी भरले म्हणून पुढे पाठवतात, ते बाळ जिथे जाते त्या सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागली. 10 बाळे गेली. निलंबने झाली, अग्निसुरक्षेच्या तपासण्या राज्यभर झाल्या. तपासणी होते ती इमारतीची आणि तारांची. धूर भरलेल्या खोलीतून बाळे कशी काढायची याची रंगीत तालीम दर तिमाहीला होते का, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला विचारण्यासारखे आहे.

22 मे 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. मानधन पाच हजारांनी वाढले, ते हक्काचेच होते. शिकण्याची मागणी कुणाच्याच निवेदनात ठळक नसते, म्हणून ती इथे लिहितो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला आशांची आढावा बैठक होतेच. त्यांना तिथे यायचा भत्ता आहे, खुर्च्या आहेत, वैद्यकीय अधिकारी आहे, आता समुदाय आरोग्य अधिकारीही आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने भंडाऱ्यापुरता एवढाच आदेश काढावा: त्या दिवशी दुपारनंतरचे तीन तास मागच्या महिन्यात गावात काय घडले, कोणते बाळ दगावले, कोणता चट्टा ओळखता आला नाही, याच्यावरच बोलायचे, आणि त्या तीन तासांत कुणाकडूनही एकही आकडा मागायचा नाही.